बँडसॉची पट्टी: जाड घ्यावी की पातळ? (१८ इंची चाक, पट्टी सारखी तुटते)

देव्हारेवाला_कुडाळ (प्रश्न)

मशीन: १८ इंची चाकाचा बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत), बिडाची बॉडी, २ एचपी मोटर, चाकाचे फेरे मिनिटाला साधारण ६५०. पट्टीची लांबी साडेतीन मीटर. वरच्या चाकाला ताणाचा स्क्रू आणि स्प्रिंग आहे.

काम दोन प्रकारचं. एक म्हणजे फणसाच्या ६ इंच रुंद ठोकळ्यातून दोन सुताच्या फळ्या काढणे (देव्हाऱ्याच्या पाठी आणि बाजूंसाठी). दुसरं म्हणजे महिरपी कापणे.

महिरपींसाठी ६ मिमीची पट्टी आहे, तिची काही तक्रार नाही. तक्रार फळ्यांच्या पट्टीची आहे. आधी २५ मिमी रुंद, ०.६५ जाड पट्टी होती, तिने कापाला पोट यायचं. फळी मध्ये फुगीर, कडेला पातळ. सॉ मिलमध्ये विचारलं तर "२० गेज घ्या, मजबूत असते" असं सांगितलं. २५ मिमी, २० गेज (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, लहान तितकी पट्टी जाड), इंचाला ३ दाते अशी पट्टी डाग देऊन (टोकं जोडून) आणली. पोट थोडं कमी झालं, पण पट्टी काही तासांतच तुटते. आतापर्यंत तीन गेल्या.

आता अजून जाड, म्हणजे १८ गेज घ्यावी का? की जोड देणाऱ्याचाच दोष आहे?

---

चाक_आणि_पट्टी

१८ गेज अजिबात घेऊ नका. ती २० गेजपेक्षाही लवकर तुटेल.

पट्टीची जाडी लाकडावरून ठरत नाही, चाकावरून ठरते. लाकडावरून दाते ठरतात, कामावरून रुंदी ठरते. सॉ मिलवाल्यांनी सांगितलं ते त्यांच्या मशीनपुरतं अगदी बरोबर आहे. मोठ्या आरा मशीनचा हिशेब असा की चाक जितके इंच, तितके थाऊ (इंचाचे हजारावे भाग) पट्टीची जाडी. ३६ इंची चाकाला ३५ थाऊ म्हणजे २० गेज, ४२ इंचीला ४२ थाऊ म्हणजे १९ गेज, ४८ इंचीला ४९ थाऊ म्हणजे १८ गेज. गेज आणि चाक असे जोडीने चालतात. तुम्ही ३६ इंची चाकाची पट्टी १८ इंची चाकावर चढवली आहे.

आता हे का, ते आकड्यात. सरळ पट्टी चाकावर वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ओढ येते. ही ओढ (किलो प्रति चौरस मिमी) = २१००० × जाडी ÷ चाकाचा व्यास, दोन्ही मिमीमध्ये. २१००० हा पोलादाच्या लवचिकतेचा आकडा. तो सगळ्या पोलादांना जवळपास सारखाच असतो, पट्टी स्वस्त असो की महाग.

३६ इंची (९०० मिमी) चाक, ०.९ पट्टी: २१ किलो
तुमचं ४५० मिमी चाक, ०.९ पट्टी: ४२ किलो
तेच चाक, ०.६५ पट्टी: ३० किलो
तेच चाक, ०.५ पट्टी: २३ किलो
तेच चाक, १८ गेज (१.२५ मिमी): ५८ किलो

यात अजून स्क्रूने दिलेला ताण धरलेला नाही, तो १० ते १५ किलो वेगळा.

शिवाय ही ओढ सतत नसते, येते आणि जाते. तुमच्या फेऱ्यांवर पट्टीचा वेग मिनिटाला सुमारे ९२० मीटर. साडेतीन मीटरची पट्टी मिनिटाला २६० च्या वर प्रदक्षिणा घालते आणि प्रत्येक प्रदक्षिणेत दोनदा वाकून सरळ होते. म्हणजे तासाला ३१ हजार वेळा. तार पुढेमागे वाकवून तोडतात तसाच हा प्रकार.

नीट बघितलं तर ०.६५ सुद्धा "जितके इंच तितके थाऊ" या नियमात बसत नाही. नियमाने १८ इंचीला ०.४६ यायला हवी. लहान मशीनवर तो नियम सगळेच थोडा मोडतात, कारण इतकी पातळ पट्टी लाकडात फार डगमगते. माझं मत: दिवसभर चालणाऱ्या मशीनवर वाकण्याची ओढ ३० किलोच्या आसपास ठेवावी. ३५ च्या पुढे पट्टी हे रोजच्या खर्चाचं सामान होतं. तेव्हा ४५० च्या चाकाला ०.६५. फारच झालं तर ०.७.

---

कानसकर

आकडे बरोबर आहेत, पण आधी तुटलेली पट्टी बघा. तीन तुकडे जपून ठेवले असतील तर तुटल्याची जागा सांगा:

- खाचेच्या तळातून (दोन दात्यांमधल्या) चीर निघून पाठीकडे गेली आहे?
- पाठीकडून चीर निघून दात्यांकडे आली आहे?
- नेमकी जोडावर की जोडाच्या बाजूला?

आणि पट्टीची जाडी मायक्रोमीटरने मोजा. दात्यांवर नाही, पाठीजवळ. दात्यांवर मोजलंत तर सेट (दाते आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात तो) धरून आकडा येतो, तो कापाच्या रुंदीचा.

---

देव्हारेवाला_कुडाळ

तुकडे आहेत. दोन पट्ट्या खाचेच्या तळातून तुटल्या. चिरेच्या सुरुवातीला थोडा भाग काळपट आणि गुळगुळीत, पुढचा चकचकीत. त्याच पट्ट्यांवर भिंगातून आणखी चार-पाच खाचांमध्ये बारीक चिरा दिसतात. तिसरी जोडाच्या बाजूला साधारण ३ मिमीवर, काच तुटावी तशी सरळ तुटली.

जाडी पाठीजवळ ०.८९. दात्यांवर व्हर्नियरने १.६.

---

कानसकर

मग दोन वेगवेगळे आजार आहेत.

पहिल्या दोन वाकून वाकून थकल्या. काळपट गुळगुळीत भाग म्हणजे चीर आधीपासून होती आणि हळूहळू वाढत होती. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. चार-पाच खाचांत चिरा असणं म्हणजे अख्खी पट्टीच थकलेली. अशी पट्टी पुन्हा डाग देऊन चढवू नका, दुसऱ्या खाचेतून जाईल. इथे डाग देणाऱ्याचा दोष नाही.

तिसरीत मात्र जोडाचा दोष आहे. डाग देताना जोडाच्या शेजारचा पट्टा लाल होतो आणि दोन्ही बाजूंच्या थंड पट्टीमुळे भराभर गार होतो. कार्बन स्टील असं गार झालं की काचेसारखं कडक होतं. म्हणून डाग बसल्यावर जोड आणि दोन्ही बाजूंचा सेंटीमीटरभर भाग परत हलका तापवायचा, घासून चकचकीत केलेल्या जागेवर निळा-करडा रंग येईपर्यंत, आणि हळू गार होऊ द्यायचं. वारा घालायचा नाही, पाण्यात तर नाहीच. तपासायला सोपं: जोड हाताने साधारण चाकाच्या गोलाईइतका वाकवा. बाकीच्या पट्टीसारखी गोल कमान आली तर ठीक. जोडापाशी कोपरा पडला तर फार नरम, जोड सपाट राहून शेजारी वाकली तर कडक.

जोडाचा उतार जाडीच्या दहापट, म्हणजे ०.६५ ला साडेसहा मिमी. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकदमच घासली की उतार जुळतात. टाकणखार लावून चांदीचा डाग, मग दोन्ही बाजूंनी कानशीने घासून जोडाची जाडी बाकीच्या पट्टीइतकीच. जोड ०.१ ने जरी जाड राहिला तरी प्रत्येक फेरीला गाईडवर (पट्टीला बाजूंनी आधार देणारे ठोकळे) टकटक होते आणि तिथूनच पुढची चीर निघते.

पाठीकडून एकही तुटली नाही, म्हणजे मागचं बेअरिंग ठीक आहे. ते काप नसताना पट्टीपासून ०.३ ते ०.५ लांब हवं. सतत घासत राहिलं तर पाठ तापून कडक होते आणि चीर उलट दिशेने सुरू होते.

---

मिलीमीटर

एक शंका. लोखंड कापायच्या आडव्या बँडसॉवर २७ बाय ०.९ ची पट्टी सर्रास असते. त्यातल्या कित्येक मशीनची चाकं ३०० मिमीच्या आसपास असतात. वरच्या सूत्राने ओढ ६३ किलो येते. तरी त्या पट्ट्या आठवडेच्या आठवडे चालतात. मग १८ इंची चाकावर ०.९ का नको?

---

चाक_आणि_पट्टी

शंका रास्त आहे, आणि दुकानदार हेच दाखवून ०.९ गळ्यात मारतात.

फरक दोन. पहिला वेगाचा. लोखंडावर पट्टी मिनिटाला ६० मीटरच्या आसपास चालते, म्हणजे मिनिटाला वीसेक प्रदक्षिणा. लाकडावर २६०. तिच्या एका दिवसाचं वाकणं इथे तासाभरात होतं. दुसरा फरक धातूचा. ती बायमेटल असते. दात्यांची टोकं हायस्पीड स्टीलची, पाठ मुद्दाम वाकण्यासाठी बनवलेल्या मिश्र स्प्रिंग स्टीलची. साध्या कार्बन पट्टीत ते नाही. ओढ दोघींना तितकीच येते, सोसण्याची ताकद वेगळी.

लाकडालाही बायमेटल मिळते, चांगली असते. पण तिला चांदीचा डाग देऊ नका, फ्लॅश बट वेल्डिंगच (विजेने टोकाला टोक वितळवून जोड) करून घ्या. आणि तिचे दाते कानशीला दाद देत नाहीत, ग्राइंडिंग लागतं. फणसासारख्या लाकडाला कार्बन पट्टी आणि वेळेवर धार, एवढं पुरतं.

---

भुसाशेठ

पट्टी का तुटते ते झालं. पण मूळ दुखणं पोटाचं होतं, तुटण्याचं नाही. ०.६५ परत लावली की पोट परत येणार. म्हणून त्याबद्दल.

पोट येण्याची कारणं, मला वाटतं या क्रमाने: दाते बोथट, खाचेत भुसा कोंबला जाणं (दाते फार बारीक किंवा रेटा फार), ताण कमी, आणि सगळ्यात शेवटी जाडी. लोक यादी उलटी वाचतात.

ताणाचा हिशेब बघा, यात खरी गंमत आहे. स्क्रू-स्प्रिंग एक ठराविक जोर देते, तो पट्टीच्या दोन्ही पदरांत वाटला जातो. पट्टीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजताना खाचांची खोली वजा करायची, इंचाला ३ दात्यांना साधारण साडेचार मिमी.

२५ × ०.९: क्षेत्रफळ साडेअठरा चौ. मिमी. १० किलोचा ताण द्यायला स्प्रिंगने ३७० किलो ओढायला हवं.
२५ × ०.६५: सव्वातेरा. २६५ किलो.
१९ × ०.६५: साडेनऊच्या आत. १९० किलो.

तुमची स्प्रिंग समजा २०० किलोपर्यंत देते. मग २५ × ०.९ वर जेमतेम साडेपाच किलो ताण पडतो. पट्टी हाताला दणकट लागते, पण आहे ढिली. तीच स्प्रिंग १९ × ०.६५ ला साडेदहा किलो देते. म्हणजे पातळच नव्हे, अरुंद पट्टी घेतल्याने काप सरळ येतो. उलटं वाटतं, पण आहे असंच. २५ मिमी रुंदीचा हट्ट सोडा, १९ घ्या.

ताण मोजायला मीटर लागत नाही. मेन स्विच बंद. पट्टी चढवून फक्त ढिलेपणा जाईल इतकी आवळा. मागच्या पदरावर (जिथे गाईड नाहीत) ५०० मिमी लांबीची सरळ लाकडी पट्टी उभी धरून तिचं वरचं टोक बारीक क्लॅम्पने ब्लेडला पक्कं करा. खालच्या टोकाला भिडवून दुसरा क्लॅम्प थेट ब्लेडवर लावा, लाकडाला न धरता. आता स्क्रू आवळत जा. ब्लेड ताणलं जातं, लाकूड नाही, म्हणून लाकूड आणि खालच्या क्लॅम्पमध्ये फट पडते. ०.२५ चं फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) त्या फटीत अंगाबरोबर गेलं की ताण साडेदहा किलो झाला. ०.३ ला साडेबारा. कार्बन पट्टीला इथेच थांबा. स्प्रिंगच्या घरावर त्या जागी रंगाची खूण करा, मग रोज मोजायला नको. पट्टीची रुंदी किंवा जाडी बदलली की खूण खोटी ठरते, हे मात्र लक्षात असू द्या.

स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळ्याला वेटोळं टेकलं आणि तरी फिलर जात नसेल, तर पट्टी मशीनच्या मानाने मोठी आहे. अजून स्क्रू पिळू नका, वरच्या चाकाचा कंस चिरतो.

---

मिलीमीटर

कापाच्या रुंदीचंही बोला. ०.९ ला दात्यांवर १.६ येते, ०.६५ ला १.१ च्या आसपास. १५० मिमीच्या ठोकळ्यातून रंध्यासह ७ मिमीच्या फळ्या काढल्या तर १.६ च्या कापाने १७ निघतात, १.१ ने १८. प्रत्येक ठोकळ्यामागे एक फळी भुशात जाते. आणि मोटरला ४५ टक्के जास्त लाकूड खरवडावं लागतं. ६ इंचाच्या कापाला २ एचपी तशीही ताणूनच असते.

---

देव्हारेवाला_कुडाळ

धन्यवाद, बरंच उमगलं. २५ × ०.६५ होती तेव्हा ताण अंदाजानेच द्यायचो, बोटाने दाबून. आणि धार संपेपर्यंत चालवायचो.

तीन गोष्टी विचारतो. (१) फणस बहुतेक वेळा अर्धवट ओला असतो, पट्टीला चीक धरतो. सेट वाढवू का? (२) महिरपीच्या ६ मिमी पट्टीला जाडी किती? (३) दुकानात मागणी कशी सांगायची? गेज सांगितलं की प्रत्येक जण वेगळंच देतो.

---

कानसकर

(१) ओल्या लाकडाला सेट थोडा जास्त लागतो, कारण धागे मागून परत फुगतात आणि पट्टी चिमटली जाते. ०.६५ ला एका बाजूने ०.२ सुक्यासाठी, ०.२५ ते ०.३ ओल्यासाठी. त्यापुढे जाऊ नका. काप जाडीच्या दुपटीकडे गेला की पट्टी कापातच डोलायला लागते आणि फळीवर लाटा उठतात. सेट दोन्ही बाजूंना सारखा हवा. काप नेहमी एकाच बाजूला पळत असेल तर ती जाडीची नाही, एका बाजूच्या सेटची किंवा धारेची तक्रार. चिकासाठी फडक्यावर थोडं डिझेल घेऊन पट्टी पुसा, मशीन बंद असताना. चीक बेअरिंगवर आणि खालच्या चाकाच्या टायरवरही (चाकावरचा रबरी पट्टा) थर धरतो. तो थर म्हणजे पट्टीखाली खडा ठेवल्यासारखं.

---

चाक_आणि_पट्टी

(२) ६ मिमीला ०.५ उत्तम, ०.६५ चालते. तिची अडचण वेगळी असते: वळणावर पट्टी पिळली जाते. ६ मिमी पट्टीने साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण निघतं, १० मिमीने ३६, १३ मिमीने ६३. यापेक्षा घट्ट वळणावर ढकललं तर कितीही पातळ घ्या, तुटणारच. महिरपीच्या टोकाशी जिथे दोन कमानी भेटतात तिथे आधी बाहेरून सरळ काप द्या म्हणजे पट्टीला फिरवावं लागत नाही, तुकडा सुटून पडतो. नव्या पट्टीच्या पाठीचे दोन्ही कोपरे तेलाच्या दगडाने मोडले की वळण अजून सुटसुटीत होतं.

(३) गेज बोलूच नका. २० गेज एका तक्त्यात ०.८९, दुसऱ्यात ०.९१. २३ गेज एकात ०.६४, दुसऱ्यात ०.६१. शिवाय आकडा वाढला की जाडी कमी होते, तिथे फोनवर हमखास घोटाळा. मिमीत लिहून द्या: रुंदी १९, जाडी ०.६५, इंचाला ३ दाते, हुक दाता (पुढे झुकलेला), लाकडासाठी कार्बन. आणि पुढ्यात मायक्रोमीटर लावून घ्या.

---

भुसाशेठ

१९ × ०.६५ चढवल्यावर गाईड नव्याने लावायला विसरू नका. जुने गाईड ०.८९ च्या अंतरावर आहेत, पट्टी त्यात मोकळी खेळेल आणि तुम्ही परत म्हणाल पातळ पट्टी वाईट. बाजूचे गाईड खाचेच्या मागे, दोन्हीकडे साध्या कागदाच्या जाडीइतकी फट. कागदाचा कपटा दोन्हीकडे घालून आवळायचे, मग कपटे काढायचे. वरचा गाईड लाकडाच्या वर बोटभराहून जास्त ठेवू नका.

संध्याकाळी ताण सोडून ठेवा, पट्टी गरम असतानाच. ३० अंश गार होताना आखडलेली पट्टी, चाक अजिबात हललं नाही तर, ७ किलोपर्यंत जादा ओढ घेते. तुमच्याकडे स्प्रिंग आहे म्हणून त्यातला बराचसा ती सोसते, पण टायरला खड्डा पडतोच.

---

देव्हारेवाला_कुडाळ

ठीक. १९ × ०.६५ च सांगतो. लांबी ३५१४ भरली (दोन्ही चाकांच्या मध्यातलं अंतर १०५०, ताणाचा स्क्रू मधोमध असताना). इतकीच सांगू?

---

कानसकर

दुकानात जोडून घेणार असाल तर ३५१४ सांगा, "जोडल्यानंतर" असं लिहून. रोलमधून आणून स्वतः डाग देणार असाल तर उताराचे साडेसहा मिमी धरून ३५२० कापा, आणि कापताना दोन्ही टोकं अशा जागी घ्या की जोडल्यावर दात्याचं अंतर चुकणार नाही, नाहीतर तिथे एक दाता दोघांचं काम करतो. स्क्रूची जागा बरोबर पकडली आहे. मधोमध ठेवल्याने पुढे जोड कापून परत डाग द्यायला दोन-तीन वेळची लांबी हातात राहते.